रागाची पेटी: तयार संच घ्यावा की बाजारातून चार वस्तू आणाव्यात?

शाळकरी मुलांच्या रागासाठी ‘काम डाउन किट’ (शांत व्हायची पेटी) नावाने मिळणारे डबे नाशिकमधल्या शाळा आणि पालक आता विकत घेऊ लागले आहेत. झाकणावरचं नाव वेगळं असलं तरी आतला माल जवळपास एकच असतो. भावनांची तीस-चाळीस कार्डं, रागाच्या थर्मामीटरचं पोस्टर, पिळायचा मऊ चेंडू, वाळूचं घड्याळ, चमकीची बाटली, भिरभिरं, एक वही आणि मोठ्यांसाठी पातळशी पुस्तिका. महागड्या संचात हवा भरून उभी करायची, ठोसे मारायची बाहुलीसुद्धा येते. किंमत काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत जाते. त्यामुळे इथे एका कंपनीचं नव्हे, या प्रकारच्या संचाचंच परीक्षण केलं आहे, वस्तूगणिक.

मत आधीच सांगून टाकतो. पेटी उपयोगी आहे, पण त्यातल्या निम्म्या वस्तू काढून टाकल्यावर. आणि मूल शांत असताना ती वापरायला शिकवलेली असेल तरच. भडकलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदाच दिलेली पेटी बहुतेक वेळा भिंतीवर आपटते.

सगळ्यात आधी ती बाहुली बाहेर काढा. राग ‘बाहेर काढला’ की कमी होतो, हा समज घराघरांत पक्का आहे. उशीला मार पण बहिणीला मारू नकोस, असं प्रेमळ आईबाबाही सांगतात. संशोधन मात्र याच्या विरुद्ध बोलतं. 2024 मध्ये 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात वेगवेगळ्या वयाच्या दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती होती. शरीर निववणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे सावकाश श्वास, अंग सैल सोडणं, ध्यान यांनी राग उतरतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींचा एकूणात काही उपयोग होत नाही, असं त्यातून दिसलं. कारण समजायला सोपं आहे. राग येतो तेव्हा छातीचे ठोके वाढलेले असतात, श्वास भरभर चाललेला असतो, स्नायू आवळलेले असतात. ठोसे मारताना हे सगळं आणखी वाढतं, आणि प्रत्येक ठोशाबरोबर ‘त्याने माझी बॅग फेकली’ हे मनात पुन्हा उगाळलं जातं. राग आला की मूठ आवळून मारायचं, याचा तो रोजचा सरावच होतो.

याच आढाव्यात धावण्याने राग वाढलेला दिसला आणि चेंडूच्या खेळांनी कमी झालेला. तेव्हा चिडलेल्या मुलाला ‘मैदानाला पाच चकरा मार’ म्हणून पिटाळणं बंद करावं. रोजचा व्यायाम मुलांना हवाच, तो वेगळा विषय. भडकलेल्या क्षणावरचा उपाय म्हणून पळवणं चुकीचं. बाहुली असलेला संच घेऊच नये. जास्तीचे पैसे देऊन आपण नुकसान विकत आणतो.

पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे थर्मामीटरचं पोस्टर, आणि नेमकं तेच बहुतेक संचांत सगळ्यात कच्चं असतं. त्यावर 1 ते 10 आकडे असतात, खाली हिरवा, वर लाल, आणि आकड्यांपुढे चेहरे. पहिली-दुसरीच्या मुलाला 6 आणि 7 मधला फरक सांगता येत नाही. पाच पायऱ्या पुरतात. दुसरी खोट जास्त मोठी आहे. चेहरा समोरच्याला दिसतो, मुलाला स्वतःचा दिसत नाही. त्याला कळतात ते गरम झालेले कान, आवळलेला जबडा, पोटात आलेला गोळा. म्हणून पोस्टर सरळ उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला नवीन थर्मामीटर काढावा.

तो असा. मूल निवांत असताना कागदावर माणसाची नुसती बाह्याकृती काढायची आणि विचारायचं, ‘तुला राग आला की अंगात सगळ्यात आधी कुठे कळतं?’ तो रंगवेल. कुणी कान रंगवतो, कुणी मुठी, कुणी पोट. मग त्याच्याच शब्दांत पायऱ्या भरायच्या. 1 म्हणजे ठीक. 2 म्हणजे कुरकुर, पाय हलायला लागतो, पेन्सिलचं टोक वहीत खुपसलं जातं. 3 म्हणजे कान-गाल गरम, श्वास भरभर, ‘नको ना!’ जरा जोरात निघतं. 4 म्हणजे मुठी वळल्या, दात दाबले, आवाज चढला. 5 म्हणजे फेकाफेक, मारामारी, नाहीतर हमसून रडणं. प्रत्येक मुलाची खूण वेगळी असते, म्हणून छापील पोस्टर वर्गातल्या सगळ्यांना एकच लावून चालत नाही.

प्रत्येक पायरीपुढे एकच कृती लिहायची. 2 वर पाणी प्यायचं किंवा जागा बदलायची. 3 वर श्वास, आणि आधीच ठरवलेलं कार्ड बाईंना दाखवून शांत बसायच्या कोपऱ्यात (तो कसा असावा ते पुढे येईल). 4 वर मोठ्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं, बोललं नाही तरी चालेल. 5 वर मुलाने काही करायचं नाही, जे करायचं ते मोठ्यांनी. सगळा खेळ 3 वर पकडण्याचा आहे. थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. 5 वर पोचलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडून ‘जरा विचार कर’ची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आकडा विचारायची वेळही ठरवून घ्यावी: परिपाठानंतर एकदा, मधल्या सुट्टीनंतर एकदा, आणि सगळ्या वर्गाला. फक्त चिडलेल्यालाच विचारलं तर तो थर्मामीटर ‘वाईट मुलांचा’ होतो आणि कुणी त्याला हात लावत नाही. आणखी एक हमखास घडणारी गोष्ट म्हणजे, ‘काय रे, आता कितीवर आहेस?’ असं सगळ्यांसमोर मोठ्याने विचारणं. अख्खा वर्ग वळून बघतो आणि 3 चा 5 होतो. बाकाच्या कडेला बोटांनी आकडा दाखवायची खूण आधीच ठरवून ठेवा.

भिरभिरं संचात प्लॅस्टिकचं येतं आणि ते चांगलं साधन आहे, फक्त वापर उलटा होतो. मुलं गाल फुगवून जोरात फुंकतात, ते गरगर फिरतं, सगळे हसतात. अशा फुंकण्याने श्वास भरभर होतो आणि दोन-तीन मिनिटांत डोकं गरगरतं. शिकवायचं ते ‘भिरभिरं जास्तीत जास्त वेळ, पण हळू फिरव’. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, ओठांचा चंबू करून सहा मोजेपर्यंत बाहेर. असे पाच-सहा श्वास, म्हणजे साधारण एक मिनिट. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, कारण श्वास सावकाश सोडताना हृदयाची गती उतरते. खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय; मुलाला एक हात पोटावर ठेवायला सांगा. सहा मोजणं जमत नसेल तर तीन आत, चार बाहेर चालेल. हे रोज परिपाठात केलं तरच रागाच्या वेळी आठवतं.

चमकीची बाटली तयार संचात असते ती साधारण पेल्याएवढी, आणि तिची चमकी पंधरा-वीस सेकंदांत खाली बसते. एवढ्या वेळात काहीच निवत नाही. घरी केलेली कितीतरी सरस होते. रुंद तोंडाची, पारदर्शक, अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची नको, कारण ती कधीतरी फेकली जाणारच. दोन तृतीयांश कोमट पाणी भरा. त्यात पारदर्शक गोंद शंभर मिलीलिटरच्या आसपास, बारीक चमकी दोन छोटे चमचे, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि चमकी बसायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन ते तीन मिनिटं हवीत. लवकर बसली तर गोंद वाढवा, अर्धा तास तरंगत राहिली तर पाणी. पांढरा गोंद वापरला की सगळं दुधाळ होतं आणि आतलं दिसत नाही. गार पाण्यात गोंदाच्या गुठळ्या राहतात. लिक्विड घातलं नाही तर चमकी वर तवंगासारखी चिकटून बसते. शेवटी झाकणाच्या आट्यांना पक्का गोंद लावून ते कायमचं बंद करा, हे विसरलं की दप्तरातली पुस्तकं गेलीच.

चेंडूबद्दल थोडक्यात. तो नुसता पिळत बसण्यासाठी नाही. पाच सेकंद घट्ट दाबायचा, दहा सेकंद हात पूर्ण सैल सोडायचा, एकेका हाताने पाच वेळा. सैल सोडण्याकडे लक्ष गेलं पाहिजे, उपयोग तिथे आहे. साधा फोमचा स्माइली चेंडू उत्तम. आत पाण्याने फुगणारे रंगीत जेलमणी भरलेला चेंडू मात्र घरात आणू नका. तो फुटला आणि मणी धाकट्या भावंडाने गिळले, तर ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात. मुलांसाठीचे असे मणी विकणं काही मोठ्या परदेशी दुकानांनी 2023 च्या शेवटी याच कारणाने बंद केलं.

कार्डांतली पंधरा ठेवा, बाकीची बाजूला काढा. मराठी संचांत ‘क्षुब्ध’, ‘उद्विग्न’ असे शब्द छापलेले असतात; चौथीतल्या मुलाला ते परीक्षेतल्या समानार्थी शब्दांसारखे वाटतात. कोऱ्या कार्डावर मुलं बोलतात तसं लिहा: वैतागलो, चिडलो, डोकं फिरलं, लाज वाटली, भीती वाटली, एकटं पाडलं, माझं कुणी ऐकलंच नाही, चीटिंग केली. यातली शेवटची चार-पाच महत्त्वाची, कारण शाळेतल्या बऱ्याच रागाखाली अपमान किंवा भीती असते. भावनेला शब्द मिळाला की तिचा जोर थोडा कमी होतो, याला आधार आहे. 2007 च्या एका अभ्यासात, चेहऱ्यांवरच्या भावनेला नाव देताना भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली होती. पण कार्डं 4-5 वर कधीही पुढे करू नका. ती नंतर बोलण्यासाठी आहेत.

आता पुस्तिका. संचाची खरी पडती बाजू ही. ‘मुलाला शांत होण्यास सांगा, त्याच्याशी संवाद साधा’ यापलीकडे तिच्यात फारसं काही नसतं. कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दांत, किती वेळाने, हे कुठेच नाही. आणि त्याच्याशिवाय पेटी म्हणजे खेळणीच.

मूल 5 वर असताना तीन वाक्यं पुरे. ‘तुला खूप राग आलाय. मी इथेच आहे. मी कुणालाही लागू देणार नाही.’ आवाज मुलापेक्षा खाली, उभं राहायचं ते तिरकं, समोर छाती काढून नाही, आणि दुसऱ्या मुलांना बाजूला न्यायचं. मग गप्प राहायचं. ‘का केलंस असं?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. त्याचं उत्तर मुलाकडे नसतं आणि खोटं उत्तर जुळवण्यात राग आणखी चढतो. ‘शांत हो, शांत हो’ असं ओरडून तर कुणीच शांत होत नाही. हात उगारण्याचा प्रश्नच येत नाही: शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी रागात मार खाल्लेलं मूल ‘मोठ्याने रागात मारायचं असतं’ हेच शिकून घरी जातं.

अंग निवायला वीस मिनिटं तरी जाऊ द्या, काही मुलांना अर्धा तास लागतो. मग बाजूला बसून चार प्रश्न: काय झालं? आकडा कधी चढायला लागला? अंगात कुठे कळलं? पुढच्या वेळी 3 वर काय करशील? पाच मिनिटांत संपवा, प्रवचन नको. त्यानंतर भरपाई. कंपास फोडला असेल तर दुरुस्त करायला मदत, चित्र फाडलं असेल तर चिकटवून देणं. सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण’ असं वदवून घेतलेली माफी समोरच्या मुलालाही पटत नाही.

शाळेत पेटी ठेवायची तर जागेचा विचार करावा लागतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात सुंदर गालिचा-उशांचा कोपरा कुठून येणार? शेवटच्या रांगेतला भिंतीकडचा एक बाक पुरतो. बाईंना तिथून मूल दिसलं पाहिजे. वऱ्हांड्यात किंवा ऑफिसबाहेर बसवलं की ती शिक्षा झाली. तीन ते पाच मिनिटं, वाळूचं घड्याळ संपलं की आपल्या जागेवर, कुणी काही विचारायचं नाही. सगळ्या मुलांनी एकेकदा तिथे बसून बघितलेलं असावं, म्हणजे बाकाचं नवल आणि बदनामी दोन्ही जाते.

एखादं मूल गणिताचा तास आला की रोज कार्ड दाखवायला लागतं, आणि शिक्षक म्हणतात, ‘हा फायदा घेतोय.’ तसं वाटलं की रागावण्याऐवजी संचातली वही काढा. तिच्यात चार रकाने आखा: वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दोन आठवडे लिहा. ठरावीक तासालाच भडका होत असेल तर अडचण त्या विषयात, वाचनात किंवा लेखनात असण्याची शक्यता बघा. वाचताना अडखळणारं मूल फळ्यासमोर उभं राहण्यापेक्षा भांडण करून वर्गाबाहेर जाणं पत्करतं.

वहीतून भूकही दिसते. नाशिकच्या दोन अधिवेशनांच्या शाळांत दुपारच्या मुलांचं बघा. पाथर्डी फाटा, सिडको, सातपूर असं फिरत व्हॅन येते, म्हणून मूल साडेदहालाच घाईघाईत चार घास खाऊन निघतं, आणि मधली सुट्टी होईपर्यंत पोटात काही नसतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर बघायलाच नको. त्या मुलाला श्वासाआधी डब्यातला लाडू नाहीतर केळं हवं. सकाळच्या मुलांची गोष्ट झोपेची. सहा ते बारा वयाला 9 ते 12 तास झोप लागते. रात्री अकराला मोबाइल ठेवून सहाला उठणाऱ्या मुलाचा दिवसच 2 वर सुरू होतो. हे पेटीने सुटत नाही, पालकसभेत बोलून सुटतं.

काही संस्था संचासोबत शाळेला ‘राग व्यवस्थापन कार्यशाळा’ही देतात: हॉलमध्ये दोन-तीनशे मुलं, दोन तास, शेवटी प्रमाणपत्र. ती घेऊ नका. तेवढ्याच पैशांत आठ-दहा मुलांच्या गटाला आठवड्यातून एकदा, निदान आठ आठवडे भेटणारा समुपदेशक मागा, आणि त्याने शिक्षकांसाठी वेगळं सत्र घ्यावं ही अट घाला. ‘राग काढायला मुलांना कशावर ठोसे मारायला लावता?’ असं त्याला विचारा. उशी, फुगे असं उत्तर आलं तर पुढे बोलणंच नको.

पेटीच्या आवाक्याबाहेरचंही ओळखता आलं पाहिजे. आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन्‌महिने मोठे भडके होणं, घरी आणि शाळेत दोन्हीकडे; कुणाला जखम होणं; प्राण्यांना मुद्दाम इजा करणं; ‘मला मरायचंय’ असं म्हणणं; किंवा नेहमी शांत असलेलं मूल अचानक बदलणं. यातलं काहीही दिसलं तर वाट बघत बसू नका. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा छळ होत असल्याची शंका असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

राहिली खरेदी. तयार संच टाळून मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या पट्ट्यात एक फेरी मारली तर सगळं मिळतं: स्माइली चेंडू, पारदर्शक गोंद, चमकी, कोरी कार्डं, दोनशे पानी वही. तीनशे-चारशे रुपयांत भागावं. भिरभिरी नवरात्रात कालिका यात्रेत ढिगाने असतात. एरवी पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी जाड कागद, चारही कोपऱ्यांतून मध्याच्या दिशेने दोन तृतीयांश काप, एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी, मागे खोडरबर असलेली पेन्सिल. टाचणीचं टोक रबरात पूर्ण बुडालेलं हवं, आणि कागद व रबर यांच्यामध्ये एक मणी घाला, नाहीतर ते अडकतं. वाळूचं घड्याळ तीन मिनिटांचं घ्या, आणि दुकानातच मोबाइलवर वेळ लावून तपासा. तीनचं म्हणून दिलेलं दोन मिनिटांतही रिकामं होऊ शकतं. काचेभोवती प्लॅस्टिकचा पिंजरा असलेलंच निवडा.